पुलाच्या लांबीने धावणारा जोर

1950 साली चित्तरंजनच्या कारखान्यातून डब्ल्यूजी जातीची वाफेची इंजिनं बाहेर पडू लागली. मालगाडी ओढणारं ते त्या काळचं भरवशाचं इंजिन. रुळावर ते जास्तीत जास्त साडेसतरा टनांच्या आसपास ओढ लावू शकायचं. बारा वर्षांनी आलेल्या डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाची सुरुवातीची ओढ 30 टनांवर गेली. आज मधेपुरात तयार होणारं डब्ल्यूएजी-12 हे 180 टनांचं विजेचं जोडइंजिन 706 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 72 टनांची ओढ लावतं. एका माणसाच्या हयातीत हा आकडा चौपट झाला. एका आसावर येणारं वजन मात्र या काळात त्या मानाने थोडंच वाढलं. आणि ज्या दगडी खांबांवरून ही तिन्ही इंजिनं गेली, त्यांतले हजारो खांब अजून तेच आहेत.

पुलाच्या ताकदीचा विषय निघाला की आपण वजनाबद्दल बोलतो. गर्डर किती वाकेल, पाया किती खचेल, लोखंड किती वर्षं दमेल, असे प्रश्न विचारतो. हे सगळं उभ्या भाराचं शास्त्र झालं, आणि ते बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. गाडी ब्रेक लावते किंवा जोर काढून सुटते तेव्हा पुलाच्या लांबीच्या दिशेने जो धक्का बसतो, त्याचा हिशेब अधिक अवघड आहे आणि जुन्या पुलांच्या बाबतीत अधिक निर्णायकही. माझं म्हणणं असं, की हा जोर किती आहे याच्या इतकाच तो कुठून जातो हा प्रश्न मोठा आहे. ती वाट ठरते बेअरिंग, रूळ, खडी आणि रुळाच्या पकडी यांच्यावरून, म्हणजे पुलाच्या ज्या भागांकडे सर्वांत कमी लक्ष जातं त्यांच्यावरून.

आधी जोराची दिशा. बैल गाडी ओढतो तेव्हा खुरांनी जमीन मागे रेटतो. इंजिनाची चाकंही रुळाला मागे रेटतात, म्हणून गाडी पुढे जाते. पूल त्या वेळी मागे ढकलला जातो. ब्रेक लागला की उलट होतं. चाकं रुळाला पुढे ओढतात आणि पूल गाडीच्या दिशेने ढकलला जातो. इथे एक फरक नीट ध्यानात ठेवायला हवा. ओढ फक्त इंजिनाच्या चाकांखाली असते, वीस-चाळीस मीटरांत एकवटलेली. ब्रेकचा जोर ब्रेक असलेल्या प्रत्येक चाकाखाली असतो, गाडीभर पसरलेला. त्यामुळे लहान पुलाला इंजिनाची ओढ जाचते आणि लांब पुलाला ब्रेक.

हा जोर रुळाच्या पातळीला लागतो आणि खांबाच्या पायथ्याशी त्याचा हिशेब चुकता होतो. मधली उंची हे त्याचं खरं हत्यार. 30 मीटर उंच खांबाच्या माथ्यावर 50 टनांचा जोर आला, तर पायथ्याशी 1500 टन-मीटरचं आघूर्ण तयार होतं. खांबाचं आणि वरच्या गर्डरचं मिळून वजन 1500 टन धरलं, तर भाराची मध्यरेषा या एकट्या जोराने 1 मीटर सरकते. पायथ्याची रुंदी रुळाच्या दिशेने 6 मीटरांपेक्षा कमी असेल, तर एका कडेला दगडी सांध्यात ताण येऊ लागतो. चुन्यात बांधलेल्या दगडाला ताण सोसत नाही, सांधा उघडतो. तीच गाडी त्याच पुलावरून जोर न लावता, ब्रेक न लावता गेली असती, तर खांबाला यातलं फारसं काही जाणवलं नसतं.

रेल्वेच्या पहिल्या पिढीतल्या अभियंत्यांना लांबीच्या दिशेची काळजी होती ती मुख्यतः तापमानामुळे. रॉबर्ट स्टीफनसनने 1850 साली वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीवर ब्रिटानिया पूल पुरा केला. त्याच्या लोखंडी नळ्या मधल्या बुरुजावर पक्क्या बसवल्या होत्या आणि बाकीच्या बुरुजांवर रोलरवर ठेवल्या होत्या, म्हणजे उन्हाने लांबलेलं लोखंड दोन्हीकडे मोकळेपणाने सरकेल. एक टोक घट्ट आणि दुसरं सुटं ही मांडणी आजही बहुतेक रेल्वेपुलांत असते. तिचा अर्थ असा, की लांबीच्या दिशेचा बराचसा जोर घट्ट टोकाखालच्या खांबाने घ्यायचा.

त्या काळात ब्रेकचा जोर होताच किती? ब्रिटनमध्ये इंजिन, टेंडर आणि ब्रेकचे मोजके डबे एवढ्यांनाच ब्रेक असायचे, बाकीची चाकं मोकळी. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, पुढच्या काही वर्षांत तो आपोआप लागणारा केला. जून 1889 मध्ये आयर्लंडमधल्या आर्माघजवळ चढावर तोडलेले डबे मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना सलग, आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. प्रवाशांच्या दृष्टीने हा फार मोठा उपकार झाला. पण प्रत्येक चाक ब्रेक लावू लागलं, आणि आधीच उभ्या असलेल्या पुलांवर असा जोर येऊ लागला जो त्यांच्या बांधणाऱ्यांनी धरलाच नव्हता.

या जोराचा स्वभाव पहिल्यांदा नीट मोजला तो कॅप्टन डग्लस गाल्टन यांनी, 1878 मध्ये, वेस्टिंगहाउसच्या साथीने, लंडन-ब्रायटन मार्गावर. दोन गोष्टी निघाल्या. चाक पूर्ण अडकून घसरू लागलं तर रुळावरची पकड एकदम कमी होते. आणि ओतीव लोखंडाचा ब्रेक ब्लॉक चाकावर जो घासतो, त्याचं घर्षण वेग कमी होत जातो तसं वाढत जातं. म्हणजे गाडी थांबण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी पुलावरचा जोर सर्वांत मोठा असतो आणि पुढच्याच क्षणी तो शून्यावर येतो. थांबणाऱ्या गाडीत आपल्याला बसणारा शेवटचा हिसका तोच. आजचे कंपोझिट ब्लॉक आणि डिस्क ब्रेक वेगाप्रमाणे इतके बदलत नाहीत, पण हिसक्याचा प्रश्न पुरता संपलेला नाही.

किती जोर धरायचा याबद्दल जगभरच्या नियमांचं एकमत नाही, आणि मला ही तफावत फार बोलकी वाटते. युरोपच्या संहितेत इंजिनाची ओढ मीटरमागे 33 किलोन्यूटन, पण 1000 किलोन्यूटनच्या वर नाही. ब्रेक मीटरमागे 20 किलोन्यूटन, 6000 किलोन्यूटनपर्यंत. याच संहितेतला गाडीचा पसरलेला उभा भार मीटरमागे 80 किलोन्यूटन आहे, म्हणजे ब्रेकचा जोर वजनाच्या पाव हिश्श्याइतका. हिशेब केला तर 50 मीटरांपर्यंतच्या पुलावर ओढ भारी पडते, त्यापुढे ब्रेक. यामागे युरोपीय रेल्वेंच्या संयुक्त संशोधन कार्यालयाच्या, ओआरईच्या, डी 101 समितीचं काम आहे. तिने ब्रेक, ओढ आणि रूळ-पूल यांचा परस्परांवरचा परिणाम एकत्र तपासला.

अमेरिकेचं सूत्र वेगळं आहे. तिथल्या रेल्वे अभियंत्यांच्या संघटनेच्या, एआरईएमएच्या, नियमात ब्रेकचा जोर 200 अधिक मीटरमधल्या लांबीच्या साडेसतरापट किलोन्यूटन, आणि ओढ लांबीच्या वर्गमूळाच्या 200 पट. 100 मीटर लांबीवर हे दोन्ही आकडे 2000 किलोन्यूटनच्या जवळ येतात. त्याच लांबीवर युरोप ब्रेकसाठी 2000च धरतो, पण ओढीसाठी फक्त 1000. कारण अमेरिकेच्या मालगाडीला पुढे तीन-चार अवजड इंजिनं एकाला एक जोडलेली असतात. 1990 च्या दशकात तिथे एसी मोटरची, रुळावर जास्त पकड असलेली इंजिनं आली, पुलांवर मापनं झाली आणि जुना नियम अपुरा ठरला. नियम बदलला तो गाडी जड झाली म्हणून नाही, तर चाक कमी घसरू लागलं म्हणून. वाफेच्या इंजिनाची पकड वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास असायची. त्रिफेज मोटर आणि संगणकी नियंत्रण असलेलं इंजिन 40 टक्क्यांपर्यंत जातं. विद्युत अभियंत्यांच्या या यशाची किंमत स्थापत्य अभियंत्याला चुकवावी लागते.

भारतात हा सगळा हिशेब लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेच्या, आरडीएसओच्या, 'ब्रिज रूल्स'मध्ये असतो. पूल ज्या भारासाठी तपासायचा, त्या ठरवलेल्या भाराला तिथे लोडिंग म्हणतात. 1926 चं बीजीएमएल, 1975 चं आरबीजी, 1987 चं एमबीजी, 2008 चं 25 टन लोडिंग आणि मालवाहू समर्पित मार्गांसाठी साडेबत्तीस टन आसभाराचं लोडिंग, अशी ही चढती शिडी. प्रत्येक पायरीवर आसभारासोबत ओढ आणि ब्रेक यांचे आकडेही वाढत गेले. 2005 च्या सुमारास वाघिणींत ठरल्या क्षमतेच्या वर काही टन भरायला परवानगी मिळाली तेव्हा जाहीर चर्चा झाली ती रूळ आणि गर्डर यांची. जुन्या पुलाला नव्या लोडिंगची परीक्षा द्यायला लावली की गर्डर पुष्कळदा उत्तीर्ण होतो. तो नाही झाला तरी बदलता येतो. अडतं ते खांबापाशी आणि पायापाशी, लांबीच्या दिशेच्या जोराने.

इथे रूळ मदतीला येतो आणि अडचणही करतो. रूळ सलग जोडलेला असला, तर ब्रेकचा काही हिस्सा रुळातूनच पुलाबाहेरच्या भरावात निघून जातो आणि खांबांवरचा बोजा हलका होतो. आपल्या नियमांतही, रूळ पुलावरून सलग गेलेला असेल आणि दोन्ही बाजूंच्या भरावात खडीत घट्ट बसलेला असेल, तर काही जोर असा परस्पर वळवून धरता येतो. लहान पुलाला ही मोठीच सवलत.

पण त्याच सलग रुळात तापमानाचा जोर कोंडलेला असतो. 60 किलोच्या रुळाला सरकू दिलं नाही, तर दर अंशामागे त्याच्यात सुमारे 1.9 टन जोर साठतो. रूळ घट्ट केला त्या वेळच्या तापमानापेक्षा तो 30 अंशांनी तापला, तर एका रुळात 57 टन आणि दोन्ही रुळांत मिळून 114 टन. यात पूलही आपल्या परीने लांबत असतो आणि रुळाला सोबत ओढत असतो. त्यातच गाडी ब्रेक लावते. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या, यूआयसीच्या, 774-3 या पत्रकाने या तीन गोष्टी एकत्र मोजायची रीत घालून दिली. पुलामुळे रुळात येणारा जादा दाब चौरस मिलिमीटरला 72 न्यूटनपेक्षा आणि जादा ताण 92 न्यूटनपेक्षा जास्त नको. ब्रेक लागल्यावर सलग रुळाखालचा पूल 5 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकायला नको. या मर्यादा खडीच्या रुळासाठी आहेत. खडी रुळाला किती धरून ठेवते, तेही त्यात आहे: गाडी नसताना मीटरमागे साधारण 12 ते 20 किलोन्यूटन, गाडी वर असताना 60. वजन आलं की पकड कित्येक पटींनी वाढते. पण खडी मातीने भरून घट्ट झाली किंवा खांद्यावरून ओघळून विरळ झाली, की कागदावरचा हा आकडा आणि जागेवरची पकड यांचा संबंध तुटतो.

आता या जोराची वाट जवळून पाहू. खडी नसलेल्या लोखंडी गर्डरच्या पुलावर जोर चाकातून रुळात, रुळातून पकडीत, तिथून स्लीपरमध्ये, हूक बोल्टमधून आडव्या-उभ्या तुळयांत जातो. तिथून तो मुख्य गर्डरमध्ये जाण्यासाठी वेगळी ब्रेसिंग लागते. ती नसली तर आडव्या तुळया कडेने वाकू लागतात, कारण त्या उभ्या भारासाठी घडवलेल्या असतात. मुख्य गर्डरमधून जोर घट्ट बेअरिंगवर, त्याच्या अँकर बोल्टांवर, खालच्या बेड ब्लॉकवर, मग खांबात आणि शेवटी जमिनीत उतरतो. या वाटेवर कुठे काय बिघडलंय हे पूल स्वतः सांगत असतो: वाकलेला अँकर बोल्ट, कडेला चिरलेला बेड ब्लॉक, एका बाजूला कलंडून राहिलेला रोलर, एका टोकाला मिटलेली आणि दुसऱ्या टोकाला फाकलेली फट, गर्डरच्या टोकाने ठेचलेली बॅलास्ट वॉल. दुहेरी मार्गावर एका रुळावरच्या गाड्या कायम एकाच दिशेने जातात, म्हणून ब्रेकचा धक्काही कायम एकाच बाजूला बसतो. रूळ इंचाइंचाने तिकडे सरकत राहतो आणि कीमनला तो पुन्हा पुन्हा मागे घ्यावा लागतो.

यातलं सर्वांत दुर्लक्षित अंग म्हणजे बेअरिंग. रोलर गंजून जाम झाला की सुटं टोकही घट्ट होतं. गर्डर तापून लांबू पाहतो, जागा मिळत नाही, आणि तो दोन्ही खांबांना ढकलू लागतो. वरून ब्रेकचा जोर ज्या खांबाने घ्यायचा नव्हता, त्यालाही तो घ्यावा लागतो. म्हणून भारतीय रेल्वेच्या पुलांच्या नियमपुस्तिकेत लोखंडी बेअरिंग दर 3 वर्षांनी साफ करून वंगण भरायला सांगितलं आहे. सरकत्या बेअरिंगसाठी जॅक लावून गर्डर 6 मिलिमीटरहून थोडा जास्त उचलायचा, पृष्ठभाग रॉकेलने धुवायचा, काळं तेल, ग्रीस आणि ग्रॅफाइट यांचं मिश्रण लावायचं आणि गर्डर परत टेकवायचा. हे काम गाड्यांच्या मधल्या ब्लॉकमध्ये, अरुंद बेड ब्लॉकवर बसून, खाली नदी असताना करायचं असतं. पूल सांभाळणाऱ्या खलाशांच्या या कामाला मी पुलाची देखभाल म्हणणार नाही, ते पुलाचं मजबुतीकरणच आहे.

बेअरिंग चालू आहे की नाही, हे पाहायला फार महागडं यंत्र लागत नाही. 30 मीटरचा लोखंडी गर्डर 20 अंशांच्या फरकाने 7 मिलिमीटरांच्या थोडा वर लांबतो. पहाटे आणि दुपारी सुट्या टोकाशी एकाच खुणेपासून मापपट्टीने अंतर मोजलं आणि ते हललंच नाही, तर रोलर अडकलाय हे नक्की.

उंच पुलांत या सगळ्याला वेगळंच रूप येतं. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल 424 मीटर लांब आहे, सर्वांत उंच खांब 64 मीटरांच्या आसपास, आणि वरचा काँक्रीटचा पेटीगर्डर सलग, टप्प्याटप्प्याने पुढे ढकलून बसवलेला. अशा सलग गर्डरला कुठे जखडायचं, हा आराखड्यातला पहिला प्रश्न असतो. खांबाची उंची दुप्पट झाली की तो त्याच जोराला आठपट जास्त झुकतो, म्हणजे उंच खांब ताठ राहत नाही आणि जोर ताठ असेल त्याच्याकडे धावतो. दरीच्या मधले उंच खांब डुलतात, आणि कडेचे बुटके खांब नकळत मोठा वाटा उचलतात. नदीतल्या खांबांना पावसाळा आणखी एक बदल घडवतो. पायाभोवतीची वाळू खरवडून गेली की खांब जमिनीला सैल धरतो, त्याचा वाटा कमी होतो आणि तो शेजाऱ्यावर पडतो. उन्हाळ्यात मोजलेला पूल आणि श्रावणातला पूल हे या अर्थाने सारखे नसतात.

घाटात ओढीचा आणखी एक पैलू दिसतो. भोर घाट 1863 मध्ये आणि थळ घाट 1865 मध्ये सुरू झाला, दोन्हीकडे चढ 37 ला 1. दर 1000 टनांमागे नुसतं उतारावर टिकून राहायला 27 टन ओढ लागते, घर्षण वेगळं. गाडी एकसारख्या वेगाने चढत असली, तरी ही ओढ सतत चालू असते. कर्जतला किंवा कसाऱ्याला मागे लावलेली बँकर इंजिनं पुलावर आली की त्यांच्याखालचा पूल तेवढ्यासाठी मागे रेटला जातो, मग बाकी गाडी पुलावर असो वा नसो. उतरताना हाच जोर ब्रेकच्या रूपाने दिशा बदलतो. मंकी हिल, ठाकूरवाडीला उतरत्या गाड्या ब्रेकच्या खात्रीसाठी थांबतात, म्हणजे थांबणं आणि सुटणं हे घाटाच्या रोजच्या कामाचाच भाग. घाटातल्या दगडी कमानींनी हे दीड शतक सोसलं, कारण कमानीला बेअरिंग नसते, तिच्या पोटात भराव असतो आणि वजन अफाट असतं.

यातूनच एक गोष्ट निघते जी मला फार तातडीची वाटते. पूल अशक्त ठरला की पहिला उपाय म्हणजे वेगमर्यादा. उभ्या भाराचे हादरे तिने कमी होतात, हे खरं. पण लांबीच्या दिशेच्या जोरावर तिचा उपयोग जवळपास नाही, कदाचित उलटाच. इंजिनाची ओढ कमी वेगाला सर्वांत जास्त असते. लोखंडी ब्लॉकचं घर्षणही कमी वेगालाच वाढतं. पुलाआधी ब्रेक लावून हळू झालेली मालगाडी शेपूट पुलावर असतानाच पुन्हा वेग घेऊ लागते. पुलाच्या पुढ्यात सिग्नल असला, तर भरलेली मालगाडी पुलावरच थांबते आणि तिथूनच पूर्ण ओढ काढून सुटते. सिग्नलची जागा ठरवताना दृश्यमानता पाहतात, ब्लॉकची लांबी पाहतात, थांबलेल्या गाडीचं इंजिन पुलावर येणार का हेही तितक्याच काटेकोरपणे पाहायला हवं.

नवी कामं वेगळ्या अंगाने या प्रश्नाला भिडतात. मुंबई, पुणे, नागपूरच्या मेट्रो बऱ्याच ठिकाणी उन्नत मार्गावर काँक्रीटच्या पायावर पक्क्या बसवलेल्या सलग रुळांवर धावतात, तिथली स्थानकंही उन्नतच. प्रत्येक गाडी दर एक-सव्वा किलोमीटरला थांबते आणि सुटते, म्हणून खांबाची जाडी ठरताना वजनाइतकाच ब्रेक, ओढ आणि रुळातल्या तापमानाचा जोर पाहावा लागतो. मुंबई-अहमदाबाद वेगवान मार्गाचा बराचसा भाग 40 मीटरच्या, प्रत्येकी सुमारे 970 टनांच्या पेटीगर्डरांचा आहे. लहान, एकसारखे गाळे घेतले की प्रत्येक खांबावर येणारा जोर मर्यादित राहतो आणि रुळात कोंडणारा ताणही. वंदे भारतसारख्या गाडीत निम्म्या आसांना मोटर असतात, ओढ गाडीभर पसरते, आणि पुलाच्या दृष्टीने ही गाडी सभ्य ठरते. 15 ऑगस्ट 2022 ला छत्तीसगडमधल्या कोरब्याहून राजनांदगावकडे निघालेली 'सुपर वासुकी' साडेतीन किलोमीटर लांब होती, 295 वाघिणी आणि 6 इंजिनं. पुलासाठी तिची लांबी महत्त्वाची नाही. एका वेळी किती इंजिनं एका पुलावर येतात, हे महत्त्वाचं. इंजिनं गाडीत विखुरली तर अशा गाडीचा एका पुलावरचा जोर दोन इंजिनं पुढे जोडलेल्या साध्या मालगाडीपेक्षा कमीही असू शकतो.

दुहेरी मार्गाच्या पुलाचा एक हिशेब मात्र नेहमी करावा लागतो. मुंबईकडे जाणारी गाडी ब्रेक लावते, म्हणजे पूल मुंबईकडे ढकलला जातो. त्याच वेळी शेजारच्या रुळावर मुंबईहून येणारी गाडी ओढ काढते, म्हणजे ती पूल मागे, पुन्हा मुंबईकडेच ढकलते. दोन विरुद्ध दिशांच्या गाड्यांचे जोर एकमेकांना कापत नाहीत, ते मिळून एकाच बाजूने येतात. म्हणून संहितांमध्ये एका रुळावर ब्रेक आणि दुसऱ्यावर ओढ एकत्र धरायची सक्ती असते. एकेरी मार्गासाठी बांधलेल्या जुन्या खांबाला कडेने रुंदावून दुसरा रूळ घालताना, रुंदी आडव्या दिशेने वाढते, लांबीच्या दिशेने नाही. त्या खांबाच्या पायथ्याची लांबीच्या दिशेची ताकद मीटरमागे तेवढीच राहते, आणि हिशेब नव्याने करायचा असतो तो तिथे.